भूक नाही, तहान नाही, मग ‘सर्व्हायव्हल’ कसलं? (एन्श्राउडेड)

मांजराकाठ:
महिनाभर एन्श्राउडेड हा कॉम्प्युटर गेम खेळायलोय. फ्रँकफर्टच्या कीन गेम्सचा खेळ, २४ जानेवारी २०२४ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विकायला आलेला. जादूच्या छड्या आहेत, ग्लायडर आहे, डोंगर पोखरून आत घर करता येतं. मजा येते, वाद त्याच्यावर नाहीच. माझं भांडण ‘सर्व्हायव्हल’ या एका शब्दाशी आहे. याला सर्व्हायव्हल गेम म्हणतात, म्हणजे चणचणीत कसंबसं जगून दाखवायचा खेळ.

मूळ सेटिंगवर उपाशी राहिलं तरी माणूस मरत नाही. खाल्लं तर ताकद वाढते, नाही खाल्लं तर आहे तसा चालतो. मेलात तर थडग्यात थोडा कच्चा माल पडून राहतो, हत्यारं अंगावरच. आणि मुख्य म्हणजे, आपल्या अग्निवेदीच्या (ती मांडली की भोवतालची जागा आपली) हद्दीबाहेर तोडलेलं झाड, फोडलेली खाण, रिकामी केलेली पेटी, जग पुन्हा चालू केलं की सगळं जागच्या जागी हजर. जिथं बोअर आटतच नाही तिथं जगायची धडपड कसली?

मी लातूरचा. २०१६ ला नववीत होतो. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर १४४ कलम लागलं, १२ एप्रिलला मिरजेहून पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर सकाळी यायचा, घागरी रात्रीच रांगेला लागायच्या. आजी घागरीवर हात ठेवून सांगायची: ही प्यायची, ही सैपाकाची, हिला कुणी शिवायचं नाही. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला. ते मोजणं मला असल्या खेळात पाहिजे असतं. इथं माझ्या पेटीत ढीगभर दगड पडलाय आणि किती ते मी बघितलंसुद्धा नाही.

पाथरीचा_पाहुणा:
भाऊ, एवढं लिहायच्या आधी सेटिंग तर उघडायची. उपासमार चालू करता येते, मेल्यावर सगळं सामान जाईल असंही ठेवता येतं. दोन बटणं दाब, मग बस मोजत.

मांजराकाठ:
चालू करून बघितलं ना. वर लावलेलं ठिगळ आहे ते. भूक लागते, पण चार पावलांवर बोरं, वांगी काहीतरी सापडतंच. उपास धरायचा आणि खिचडीची परात पुढ्यात, तसं.

बडीशेप:
मीही त्याच साली लातुरातच होते. तू नववीत होतास, माझं लेकरू कडेवर होतं. घागर मोजायची मजा तुला आज वाटायली, कारण तेव्हा मोजत आजी होती. रांगेत नंबर गेला तर शेजारणीकडं तांब्याभर मागायला जायचं, आणि ती नाही म्हणाली तर राग तरी कुणावर काढायचा? मला तो हिशेब करमणुकीत नको.

लेकरं झोपली की दहा ते साडेअकरा खेळते. माळवदाचं घर बांधलंय, जाड भिंती, सपाट छत, मधी चौक. आमच्या माहेरचं माळवद पाडून स्लॅब टाकला, त्याची भरपाई म्हण. दगड परत उगवतो म्हणूनच बांधता आलं. तुझ्या हिशेबानं गेम केला असता तर मी अजून पहिल्या ओट्यावरच बसले असते.

मांजराकाठ:
ताई, माळवदाचा फोटो टाका. बाकी तुमच्या पहिल्या परिच्छेदाला माझ्याकडं उत्तर नाही. पण मग त्याला बांधकामाचा खेळ म्हणा की! नाव एक, माल दुसरा, हे खटकतं.

धारूरची_घाटी:
दोघांचंही चुकायलंय. उपाशी मरणं ही अटच नाही. स्वीडनच्या आयर्न गेट कंपनीचा व्हॅलहाइम हा असाच खेळ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तिथंही उपाशी मरत नाही. पण न खाता बाहेर पडून दाखवा, पहिल्याच ट्रोलच्या, म्हणजे राक्षसाच्या, फटक्यात आडवे. भूक मारत नाही, दुबळं करते. तेही जगणंच.

आणि एन्श्राउडेडमधलं खरं पाणी म्हणजे तिथल्या दऱ्याखोऱ्यांतलं ते जीवघेणं धुकं. आत शिरलं की घड्याळ चालू, वेळ संपली की खेळ खलास. खाली धातू दिसतोय, वेळ थोडा उरलाय, अजून चार घाव घालू की वर पळू? मांजराकाठ, हेच मोजणं की. तुम्ही घागर शोधत बसलात, त्यांनी मिनिटं दिली.

मांजराकाठ:
धुक्याचं मान्य. पहिले दहा तास तरी छाती धडधडते. पण वेदीची ज्योत वाढवत गेलं की धुक्यातला वेळही वाढत जातो, आणि एकदा वाढला की कमी होत नाही. जादूचंही तेच. सुरुवातीला जादूच्या काठीत मंत्र बनवून भरावे लागतात, संपले की हातात नुसती काठी. तेव्हा मी एकेक आगगोळा जपून टाकायचो. पुढं ‘कायमचा’ मंत्र मिळतो, मग फक्त मॅना, म्हणजे आपोआप भरून येणारी जादूची ताकद, लागते. जिथं जिथं चणचण होती तिथं तिथं खेळ स्वतःच ती काढून घेतो.

बडीशेप:
मोठं होणं म्हणतात त्याला. नळ घरात आला म्हणून कुणी रडतं का?

पाथरीचा_पाहुणा:
😄 नळावरून आठवलं. या खेळात पोहता येईल असं पाणी नोव्हेंबर २०२५ च्या अपडेटपर्यंत नव्हतंच. जवळपास पावणेदोन वर्षं कोरडी जमीन. खेळ आपल्याकडचाच होता, उगीच जर्मनीचं नाव.

धारूरची_घाटी:
आणि पाणी आल्या आल्या पहिलं काम काय केलंत?

पाथरीचा_पाहुणा:
बांध घातला. शेजाऱ्याच्या हद्दीत.

मांजराकाठ:
बरं, ऐका. नवीन जग करतो. उपासमार चालू, मेल्यावर सगळं जाणार, आणि वरून आपला नियम: पेटीत एका वस्तूचा एकच ढीग. महिनाभर टिकलं तर मी शब्द मागं घेतो. शनिवारी रात्री दहाला कोण येतंय?

धारूरची_घाटी:
मी आहे. पण होस्ट तू नको, जग तुझ्या मशीनवर चालायला नको. मागल्या वेळी तुझ्याकडं लाईट गेली आणि आम्ही चौघं ऐन लढाईतून बाहेर फेकलो गेलो.

मांजराकाठ:
इन्व्हर्टर घेतलाय.

बडीशेप:
साडेदहाला येते, धाकटी झोपली तर. आणि तो एका ढिगाचा नियम दगडाला लागू नाही, आधीच सांगून ठेवते.