मदत हवी आहे: टीकिंटरमध्ये एकाच वेळी चार-पाच विंडो कशा सांभाळायच्या?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात माझ्या मामांचं गुळाचं अडत दुकान आहे. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले तेव्हा मी मामांना शब्द दिला होता, की हा हंगाम संपायच्या आत पट्टी संगणकावर निघेल. पायथन आणि टीकिंटरमध्ये (पायथनमधून विंडो बनवायचं साधन) प्रोग्रॅम लिहिला, नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवल्या. हिशेब बरोबर येतो. अडलंय ते विंडोंपाशी.

बाजाराबाहेरच्यांसाठी सांगतो. शेतकरी गुऱ्हाळावरून गुळाचे रवे आणतो, सौदा निघतो, वजन होतं. येणाऱ्या रकमेतून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा करून हातात काय पडलं, ते दाखवणारा कागद म्हणजे पट्टी. त्यावर शेतकऱ्याचा विश्वास असतो, म्हणून त्यात एका रुपयाचीही चूक चालणार नाही.

मुख्य विंडोत दिवसाची आवक दिसते. तिथल्या बटणांवरून वजनाची, पट्टीची आणि शेतकऱ्याच्या खात्याची विंडो उघडते. या तिन्ही मी आधी वेगवेगळ्या फाइलींत सुटे प्रोग्रॅम म्हणून लिहिल्या होत्या, नंतर एकत्र जोडल्या. त्यामुळे प्रत्येकीत स्वतंत्र टीके (टीकिंटरची मूळ विंडो) आहे आणि शेवटी मेनलूप (क्लिकची वाट पाहत प्रोग्रॅम चालू ठेवणारा भाग) आहे.

आता होतं असं. वजनाची विंडो एकटी चालवली तर आकडे नीट वाचले जातात. मुख्य विंडोतून उघडली की समोर आकडा दिसत असूनही स्ट्रिंगव्हारमधून (रकान्यातला मजकूर धरून ठेवणारं चल) रिकामंच येतं. दुकानाचं बोधचिन्ह लावायला गेलो तर ‘पायइमेज १ अस्तित्वात नाही’ अशी चूक येते. पट्टी उघडताना मी मुख्य विंडो विथड्रॉ करून लपवतो. दिवाणजींनी पट्टी फुलीवर दाबून बंद केली की मुख्य विंडो परत येतच नाही. ते पुन्हा प्रोग्रॅम सुरू करतात, आणि मग कधीकधी डेटाबेस लॉक असल्याचा निरोप येतो.

सगळ्यात वाईट गोष्ट परवा झाली. पन्हाळ्याकडच्या एका शेतकऱ्याची पट्टी दोन विंडोंत उघडी राहिली. एक मागे दडलेली होती. दोन्हींवर जतन दाबलं गेलं आणि उचल दोनदा वजा झाली. दिवाणजींनी वहीशी ताडून पाहिलं म्हणून पैसे द्यायच्या आधी सापडलं. मामा एवढंच म्हणाले, “आरं, खिडकी एकच ठेव की. एवढ्या कशाला पायजेत?” पण दिवाणजींना पट्टी करताना शेजारी खातं उघडं लागतंच. उचल कधी, किती घेतली, हे शेतकरी समोर उभा राहून विचारतो.

तर, बऱ्याच विंडो ठेवायच्या, पण गोंधळ होऊ द्यायचा नाही, हे कसं जमवायचं? संगणक विंडोजचा आहे, पडदा 1366 बाय 768 चा.

*

प्रतिसाद (इचलकरंजीहून)

तुमच्या पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. प्रत्येक टीके म्हणजे फक्त एक विंडो नव्हे. त्याच्यासोबत टीसीएल भाषेचा एक स्वतंत्र इंटरप्रिटर (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होतो. ही भाषा जॉन आउस्टरहाउट यांनी 1988 मध्ये बर्कली विद्यापीठात लिहिली आणि टीकिंटर आजही तिच्याच खांद्यावर उभं आहे. दोन टीके केले की दोन वेगळी घरं झाली. एका घरातलं चल किंवा चित्र दुसऱ्या घराला दिसत नाही.

स्ट्रिंगव्हार करताना मालक विंडो सांगितली नाही, तर ते पहिल्या टीकेला चिकटतं. तुमचा रकाना दुसऱ्या टीकेत आहे. दिवाणजी आकडा टाकतात तो दुसऱ्या घरात, तुम्ही वाचता पहिल्या घरातून. रिकामं येणारच. चित्राचंही तेच.

अख्ख्या प्रोग्रॅममध्ये टीके एकच ठेवा आणि मेनलूपही एकदाच, मुख्य फाइलीच्या शेवटी. बाकी सगळ्या विंडो टॉपलेव्हल (त्याच टीकेखालच्या जादा विंडो) करा. प्रत्येक फाइलीतला विंडोचा भाग एका वर्गात घाला आणि त्याला मुख्य विंडो पालक म्हणून द्या.

मुख्य विंडो हरवते कारण तुम्ही ती लपवता, पण फुली दाबल्यावर परत आणायला कुणालाच सांगितलेलं नाही. मेनलूप एरवी तेव्हाच थांबतो जेव्हा सगळे टीके नष्ट होतात. लपलेला टीके जिवंतच असतो, म्हणून प्रोग्रॅम पडद्यावर दिसत नसला तरी टास्क मॅनेजरमध्ये सापडेल. त्याने लिहायला घेतलेली नोंद कमिट, म्हणजे पक्की, केली नसेल, तर दुसऱ्यांदा सुरू केलेल्या प्रोग्रॅमला डेटाबेस लॉक मिळतो. लपवायचंच असेल तर टॉपलेव्हलवर प्रोटोकॉल वापरून ‘डब्ल्यूएम डिलीट विंडो’ला, म्हणजे फुली दाबल्याच्या निरोपाला, स्वतःचं फंक्शन जोडा, त्यात मुख्य विंडो डीआयकॉनिफाय करून परत दाखवा आणि मग ती टॉपलेव्हल डिस्ट्रॉय करा. पण माझं ऐकाल तर मुख्य विंडो लपवूच नका.

*

प्रतिसाद

दोन पट्ट्यांवर सोपा उपाय आहे. पट्टीच्या विंडोवर ग्रॅबसेट लावा. ती बंद होईपर्यंत बाकी कशावर क्लिकच होणार नाही.

*

धागाकर्ता

ग्रॅबसेट लावून पाहिलं. दुसरी पट्टी उघडत नाही हे खरं, पण शेजारच्या खात्याच्या विंडोत वरखाली सरकताही येईना. दिवाणजींचं काम अडलं.

*

प्रतिसाद (इचलकरंजीहून)

पट्टीवर ग्रॅबसेट नकोच. तो राखून ठेवा फक्त ‘ही पट्टी कायम करायची का?’ अशा छोट्या चौकटीसाठी. तिथे दुसरीकडे लक्ष जाणं धोक्याचं आहे, तेव्हा अडवणं योग्य. त्या चौकटीला ट्रान्झियंट करून पट्टीची विंडो पालक द्या, म्हणजे ती मागे दडणार नाही. पट्टीलाच मात्र ट्रान्झियंट करू नका. विंडोजवर तशा विंडोला लहान-मोठं करायची बटणं राहत नाहीत आणि दिवाणजींना ती लागतील.

एका शेतकऱ्याची एकच पट्टी उघडावी यासाठी मुख्य विंडोत एक डिक्शनरी ठेवा: खाते क्रमांक ही किल्ली, टॉपलेव्हल हे मूल्य. बटण दाबलं की आधी तिथे शोधा. विंडो सापडली आणि विनफो एक्झिस्ट्सने ती जिवंत आहे असं सांगितलं, तर नवी काढू नका. तीच डीआयकॉनिफाय करा, लिफ्ट करा, फोकस द्या. बंद करताना डिक्शनरीतून काढायला विसरू नका. खात्याच्या विंडोलाही हेच करा.

*

प्रतिसाद (राजारामपुरीतून)

वरचं सगळं करा, पण पैशाची चूक विंडोच्या भरवशावर सोडू नका. उद्या दुकानात दुसरा संगणक आला तर तुमच्या डिक्शनरीला तिथली विंडो दिसणार नाही. डेटाबेसच्या तक्त्यात सौदा क्रमांक आणि खाते क्रमांक यांच्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारं) घाला. पट्टी लिहिणं आणि उचल वजा करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असू द्या, म्हणजे झाली तर दोन्ही कामं होतील, नाहीतर एकही नाही. मग तोच सौदा दुसऱ्यांदा जतन करायला गेलं की डेटाबेसच नकार देईल आणि उचलीला हात लागणार नाही. शेतकऱ्याचा पैसा आहे, दोन कड्या लावलेल्या बऱ्या.

आणि पडदा लहान आहे, तर दिवाणजींना विंडोजचं बटण दाबून डावा-उजवा बाण शिकवा. पट्टी डावीकडे अर्ध्यात, खातं उजवीकडे अर्ध्यात.

*

धागाकर्ता

रविवारी बसून सगळं पालटलं. टीके एक, बाकी टॉपलेव्हल. वजनाचे आकडे लगेच वाचता आले, बोधचिन्हही लागलं. मुद्दाम तीच पट्टी दोनदा उघडायचा प्रयत्न केला, पहिलीच पुढे आली. मग डिक्शनरी तात्पुरती काढून दोनदा जतन केलं, तर युनिक बंधनाने अडवलं आणि उचल एकदाच वजा झाली.

बाणांची युक्ती सोमवारी दिवाणजींना दाखवली. खातं उजवीकडे चिकटलं तसे ते म्हणाले, “हे बरं झालं बघा. आता वही आणि पट्टी शेजारी शेजारी.” हंगाम संपेपर्यंत हाताची वहीही सोबत चालू ठेवणार आहोत, रोज संध्याकाळी दोन्ही ताडून पाहू.

तिघांचेही मनापासून आभार.