वायरगार्ड: दोन पीअरना एकच सबनेट दिल्यावर एकाचा संपर्क का तुटतो?

प्रश्न

नमस्कार. भाड्याने घेतलेल्या एका लिनक्स सर्व्हरवर मी वायरगार्ड (इंटरनेटवरून कूटबद्ध खासगी नेटवर्क जोडणारे व्हीपीएन सॉफ्टवेअर) बसवले आहे. त्यावरील खासगी नेटवर्कमध्ये सर्व्हरचा पत्ता १०.८.०.१, कार्यालयातील राउटरचा १०.८.०.२ आणि माझ्या लॅपटॉपचा १०.८.०.३ असा आहे. कार्यालयातील संगणक १९२.१६८.१०.०/२४ या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या गटात) आहेत. सर्व्हरवरील दोन्ही पीअरच्या (जोडलेल्या उपकरणांच्या, म्हणजे राउटर व लॅपटॉप यांच्या) नोंदींत 'अलाउड-आयपीज' (त्या पीअरसाठी मान्य पत्त्यांची यादी) यापुढे मी १०.८.०.०/२४ लिहिले आहे. लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग जाते, पण कार्यालयातील संगणकांना जात नाही. शिवाय लॅपटॉपची नोंद केल्यापासून सर्व्हरवरून राउटरलाही पिंग जाईनासे झाले आहे. हँडशेक (जोडणी जुळवताना होणारी किल्ल्यांची देवाणघेवाण) मात्र दोघांचेही नियमित दिसतात. असे का होत असावे?

उत्तर १

मूळ कारण ही दोन सारखी सबनेट आहेत. 'अलाउड-आयपीज' ही नोंद एकाच वेळी दोन कामे करते. पॅकेट पाठवताना त्याचा गंतव्य पत्ता कोणत्या पीअरच्या यादीत सर्वांत नेमकेपणाने बसतो ते पाहून त्या पीअरच्या किल्लीने ते कूटबद्ध केले जाते; आणि आलेले पॅकेट उलगडल्यावर त्यातील प्रेषकाचा पत्ता त्याच पीअरच्या यादीत नसेल, तर ते पॅकेट टाकून दिले जाते. त्यामुळे एक सबनेट एका वेळी एकाच पीअरकडे राहू शकते. तेच दुसऱ्याला दिले की पहिल्याकडून ते काढून घेतले जाते, आणि तशी कोणतीही सूचना मिळत नाही. हँडशेक किल्ल्यांवर चालतो, या यादीवर नाही. म्हणून तो सुरळीत दिसतो आणि आपली दिशाभूल होते.

सर्व्हरवर राउटरच्या नोंदीत १०.८.०.२/३२ (/३२ म्हणजे एकच पत्ता) आणि १९२.१६८.१०.०/२४ लिहा, लॅपटॉपच्या नोंदीत केवळ १०.८.०.३/३२. लॅपटॉपवर सर्व्हरच्या नोंदीत १०.८.०.०/२४ आणि १९२.१६८.१०.०/२४ ही दोन्ही हवीत. राउटरवर १०.८.०.०/२४ पुरेसे आहे.

उत्तर २

वरील उत्तर अचूक आहे. परतीच्या वाटेविषयी थोडी भर घालतो. सर्व्हर आणि राउटर या दोन्हींवर आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कवरून आलेले पॅकेट दुसऱ्याकडे पुढे पाठवणे) सुरू असले पाहिजे आणि फायरवॉलने ती वाहतूक अडवता कामा नये. कार्यालयातील संगणकांचा गेटवे हाच राउटर नसेल, तर त्यांची उत्तरे भलतीकडे जातील. अशा वेळी मूळ गेटवेवर १०.८.०.०/२४ साठी राउटरकडे जाणारा स्टॅटिक रूट (हाताने नोंदवलेला मार्ग) घाला. मास्करेडनेही (पॅकेट पुढे पाठवताना प्रेषकाच्या जागी स्वतःचा पत्ता लावण्यानेही) काम भागते, पण मग कार्यालयातील लॉगमध्ये खरा प्रेषक दिसत नाही, म्हणून मी तो मार्ग टाळतो. राउटर नॅटच्या (अनेक खासगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे असल्यास त्याच्यावर 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (जोडणी जागी ठेवण्यासाठी ठरावीक काळाने पॅकेट पाठवणे) २५ सेकंद ठेवा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. 'डब्ल्यूजी शो' या (वायरगार्डची सद्यस्थिती दाखवणाऱ्या) आज्ञेत राउटरपुढे खरोखरच एकही पत्ता दिसत नव्हता. नोंदी बदलल्यावर कार्यालयातील संगणकांपर्यंत पिंग पोहोचू लागले. लॅपटॉपवर ०.०.०.०/० लिहिले असते, तर चालले असते का?

उत्तर १

चालले असते, परंतु मग लॅपटॉपची आयपीव्ही-४ वरील सर्व इंटरनेट वाहतूकही सर्व्हरमार्गे गेली असती आणि त्यासाठी सर्व्हरवर मास्करेड लावावे लागले असते. आयपीव्ही-६ ची वाहतूक तरीही बाहेरूनच जात राहते. तिच्यासाठी वेगळी नोंद लागते. तुम्हाला केवळ कार्यालयापर्यंत पोहोचायचे असल्याने आत्ताची मर्यादित यादीच ठेवा.