नाशकात खायला काही नाही म्हणणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं

गोदाकाठ
काल एका नव्यानं आलेल्या गृहस्थांनी लिहिलं: 'बदली होऊन पाच महिने झाले. मिसळ आणि वाईन सोडली तर या शहरात खायला काही नाही. घरच्यांना घेऊन जावं असं एकही ठिकाण सापडलं नाही. पाहुणे आले की पुण्याची आठवण येते.' त्याखाली कितीतरी लोकांनी 'अगदी खरं' म्हणून टाकलंय. मला ते वाचून राहवलं नाही.

साहेब, तुम्ही जेवायला निघता कधी? तुम्हीच लिहिलंय, शनिवारी रात्री साडेआठला, कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोड. त्या वेळी त्या रस्त्यांवर जे मिळतं तेच ठाण्यात मिळतं आणि इंदूरलाही मिळतं. पनीर टिक्का, मंचुरियन, सिझलर. नाशिक हे रात्री बाहेर खाणारं गाव कधी नव्हतंच. हे सकाळी खाणारं गाव आहे. रविवारी सकाळी आठला मखमलाबादकडे किंवा बारदान फाट्याला साधनाच्या मिसळीला जाऊन बघा. आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत अख्खी घरं आलेली असतात. चुलीवरचा रस्सा, पापड, दही, पोरांना झोके. आमच्याकडे कुटुंबानं बाहेर जेवणं म्हणजे ते.

दुपारचं खाणं सिडको, सातपूर, अंबडकडे. दोन एमआयडीसींनी खानदेशातून आणि कसमाद्यातून, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडून माणसं आणली, त्यांच्यामागून त्यांच्या खानावळी आल्या. संध्याकाळचं खाणं जुन्या गावात. गाडी लांब लावायची आणि रविवार कारंजा, दहीपूल, सराफ बाजार असं पायी फिरायचं. बुधा हलवायाची जिलेबी, सायंताराचा साबुदाणा वडा, आणि पाहुण्यांच्या पिशवीत कोंडाजी चिवडा.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात, होते. बदलून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात आमच्या घरी जेवायला असायचा आणि पुढच्या रविवारी वडील त्याला बायकापोरांसकट गावात फिरवायचे. कुठल्या दुकानात काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, दोन्ही सांगायचे. तुम्ही पाच महिन्यांत कुणाला विचारलंत? फोनवरचे तारे मोजून गाव कळत नाही.

कोथरूड ते इंदिरानगर
ती पोस्ट माझी. पाठीमागे बोलण्यापेक्षा तिथेच उत्तर दिलं असतंत तर बरं वाटलं असतं.

विचारलं नाही, हे खोटं आहे. ऑफिसात विचारलं, सोसायटीत विचारलं, दूधवाल्याला विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, मिसळ. मिसळीनंतर काय, म्हटलं की दुसऱ्या मिसळीचं नाव.

आता माझ्या घरचं सांगतो. आई 74 वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. तुमच्या त्या बागेतल्या मिसळीला आम्ही दुसऱ्याच महिन्यात गेलो होतो. बसायला खाटा आणि बुटके बाक. पाऊण तास नंबर लागेना, आई गाडीत बसून राहिली. तिला स्वच्छतागृहात जायचं होतं. मागच्या बाजूला पत्र्याचं एक दार होतं, त्याला कडी नव्हती. सून बाहेर दार धरून उभी राहिली. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. त्यानंतर कुठेही चल म्हटलं की म्हणते, तुम्ही जाऊन या.

रविवार कारंज्यावर पायी फिरायला सांगता. कुणाला घेऊन? हे गाव धडधाकट माणसांसाठी असेल. माझ्या घरात सगळे धडधाकट नाहीत. रात्री साडेआठला कॉलेज रोडला जातो, कारण तिथे पाठ टेकायला खुर्ची मिळते आणि दाराला कडी असते. त्यासाठी पनीर टिक्का खावा लागला तरी चालतो.

सिडकोची सून
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. तरी 'खायला काही नाही' हे मान्य नाही.

मी जळगावची, लग्न होऊन आले 2009 मध्ये. मिस्टरांची अंबडला शिफ्ट, मी दिवसभर एकटी. शेजारच्या सटाण्याच्या काकू एका दुपारी हात धरून खानावळीत घेऊन गेल्या. सहा टेबलं होती. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, ठेचा, वरून कच्चं तेल आणि भरीत. मला तिथेच रडू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले होते. तेव्हा मला हे शहर माझं वाटलं.

आता माझं दुखणं सांगते. मोठ्या हॉटेलांत 'खानदेशी शेवभाजी' म्हणून जे देतात ते बंद करायला पाहिजे! टोमॅटोची प्युरी, वर मलई आणि चमचाभर साखर. आमनी शेवभाजी अशी नसते. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं, त्यात लसूण, काळा मसाला, आणि वाटण तेल सोडेपर्यंत परतायचं. रस्सा काळपटच दिसला पाहिजे. शेव जाड आणि तिखट, ती ताटात वाढताना टाकायची, नाहीतर लगदा होतो. नवीन माणूस ते लाल पाणी खातो आणि म्हणतो की खानदेशी जेवणात काही दम नाही.

सातपूरची तर्री
सगळं ठीक आहे, पण खऱ्या प्रश्नावर कुणी बोलत नाही. जादा रश्श्याचे पैसे घ्यायला कधीपासून लागले हे लोक?

आम्ही कॉलेजात असताना चौघांत दोन प्लेट घ्यायचो. रश्श्याची बादली घेऊन पोरगा टेबलाटेबलावर फिरायचा आणि 'घ्या की' म्हणायचा. मागच्या महिन्यात पुतण्याच्या मित्रांना घेऊन गेलो, पोरं नागपूरची, पहिल्यांदा नाशकात आलेली. त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की रस्सा आपल्याकडे हवा तेवढा. बिलात चार वाट्या वेगळ्या लावलेल्या. पाहुण्यांसमोर मान खाली गेली. पैशाचा प्रश्नच नाही. मिसळीच्या दुकानात रस्सा मोजून मिळत असेल तर ती नाशिकची मिसळ नाही.

गोदाकाठ
विषय रश्श्याचा नाही हो. पण तुमचं बरोबर आहे, रस्सा मोजणं चूकच.

गल्ल्यावर 22 वर्षं
मी मिसळीचं दुकान चालवतो. नाव सांगणार नाही. वाचून वाचून डोकं तापलंय म्हणून लिहितो.

रस्सा म्हणजे पाणी नव्हे. कांदा, खोबरं, लसूण, मसाला आणि तेल. तर्री जिला म्हणता ती निव्वळ तेल आणि मसाला. मटकी त्या मानानं स्वस्त आहे, महाग आहे तो रस्साच. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढलं, डबा एकदम चढला. व्यापारी सिलिंडर आहे, पोरांचे पगार आहेत. कॉलेजची पोरं दोन प्लेटमध्ये सहा पाव आणि आठ वेळा रस्सा घेतात, आणि अर्धी वाटी तशीच टाकून उठतात. रात्री मोरीत ओतलेला रस्सा मी बघितलाय, तुम्ही नाही. पहिली वाढ आजही मी फुकट देतो. दुसऱ्यापासून पैसे. पाटी लावलीय, ती वाचत जा.

सातपूरची तर्री
पाटी तुम्ही लावली असेल, मला भेटलेल्यानं लावली नव्हती. आणि टाकून देणाऱ्यांची शिक्षा आम्हाला का? तेल स्वस्त झालं तेव्हा मिसळीचा दर कधी खाली आला होता, ते सांगा. तुम्ही लोकांनी दुकानापुढे फोटो काढायला बैलगाड्या उभ्या केल्या, रंगीत छत्र्या टांगल्या, आणि पैसे कमी पडतात म्हणून रस्सा मोजायला लागलात.

गल्ल्यावर 22 वर्षं
माझ्याकडे बैलगाडी नाही. सोळा टेबलं आहेत. पहाटे चारला कांदा भाजायला मी स्वतः उभा राहतो, हाताला डाग बघायचे असतील तर या. उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

निफाडचा पोरगा
कांदा महागला, कांदा महागला! दर वर्षी ऑक्टोबर आला की हॉटेलवाल्यांचं हेच रडगाणं. उन्हाळ कांदा चाळीत संपत आलेला असतो, लाल कांदा बाजारात यायचा असतो, म्हणून ते दीड-दोन महिने बहुतेकदा भाव चढतो. बाकीचे महिने काय असतं ते लासलगावच्या लिलावात उभं राहून बघा. 8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं निर्यात बंद केली तेव्हा आमचा लाल कांदा नुकताच निघत होता. भाव कोसळला. वडिलांनी ट्रॅक्टर भरून नेला, येताना डिझेल आणि मजुरी वजा करून हातात काय आलं ते त्यांनी आईला सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात कुणाच्या मिसळीचा दर उतरला? कुणी रस्सा फुकट केला? प्लेटमागे किती कांदा लागतो, सांगून टाका एकदा.

गल्ल्यावर 22 वर्षं
तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, माझं गावही निफाडच्या पलीकडेच आहे. दर उतरवला नाही, हे खरं. त्या वेळी कांद्यात जे वाचलं ते लसणात गेलं, पण हेही खरं की मी हिशोब करून बघितला नव्हता. एवढंच कबूल करतो. रस्सा फुकट करणार नाही.

देवळाली कॅम्प
पुरुष मंडळींचं रश्श्यावरचं भांडण दिवसभर वाचतेय. मूळ प्रश्न त्या आजींच्या स्वच्छतागृहाचा होता, त्यावर एकानंही शब्द काढलेला नाही. गोदाकाठ, तुम्हीसुद्धा नाही.

मी निवृत्त शिक्षिका. आम्ही पाच जणी महिन्यातून एकदा बाहेर जेवतो. तिघी बाहेरगावाहून आलेल्या, मुलांच्या नोकरीपायी या वयात नाशकात येऊन पडलेल्या. त्यांची नाशिकशी ओळख आम्ही दोघींनी जेवणातूनच करून दिली. निघण्यापूर्वी आम्ही पदार्थ विचारत नाही. फोन करून तीन गोष्टी विचारतो. पायऱ्या किती, खुर्चीला पाठ आहे का, आणि बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी समोरचा गप्प होतो. ही नाशिकची बदनामी नाही, मी जन्मानं इथली आहे. वर्षानुवर्षं दिवसभर पाणी न पिता गावात फिरणाऱ्या बाईनं लिहिलेलं आहे हे. सिंहस्थ जवळ आलाय, लाखो माणसं येतील, त्यांत म्हाताऱ्या बायका किती असतील याचा विचार हॉटेलवाल्यांनी करायला नको का?

आणि कोथरूडकर, तुमच्याही एका वाक्याचा राग आलाय. 'पाहुणे आले की पुण्याची आठवण येते' हे ज्या गावात राहता त्या गावाच्या तोंडावर म्हणायचं नसतं. तुमच्या घरी जेवून कुणी असं म्हणालं तर?

कोथरूड ते इंदिरानगर
ते वाक्य मागे घेतो. रागात लिहिलं गेलं.

रश्श्याबद्दल मात्र गल्ल्यावरच्या काकांच्या बाजूनं आहे. पुण्यात सँपल, म्हणजे मिसळीचा वरचा रस्सा, मागताना मला कधी संकोच वाटला नाही, पण तिथेही कुणी आठ वेळा मागत नाही. आणि मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस बरी, हे माझं मत कायम आहे. रस्सा ती नीट शोषते.

सातपूरची तर्री
स्लाइस? नाशकात राहून स्लाइस? तिखट काळ्या रश्श्यात स्लाइस बुडवली की तिचा चिखल होतो. पाव रस्सा धरून ठेवतो. तुमच्या गोड्या मसाल्याच्या पातळ सँपलला चालत असेल स्लाइस. तुम्ही आईंना कुठे न्यायचं यावर बोला, त्यावर मी स्वतः गाडी घेऊन येईन. मिसळीत हात घालू नका.

सिडकोची सून
दादा, तुम्हाला एका खानावळीचा पत्ता वेगळा पाठवलाय. तळमजला आहे, दारात एकच पायरी. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पण पाठीच्या. दुपारी साडेबारालाच जा, दीडनंतर कंपनीची माणसं येतात. स्वच्छतागृह मालकांच्या घरातलं वापरायला देतात, मी खानावळीच्या ताईंशी बोलून ठेवलंय. भरीत हिवाळ्यातच मागा. बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, तीच खरी. आत्ता गेलात तर पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा घ्या.

गोदाकाठ
दोन दिवस विचार केला. घड्याळाचं मी लिहिलं ते माघारी घेत नाही. पण वडील ज्यांना फिरवायचे त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका कधी बरोबर आल्याचं मला आठवत नाही. का येत नसतील, हे देवळालीच्या बाईंचं वाचून कळलं. माझी आईसुद्धा घरीच थांबायची. तिला आवडत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

कोथरूड ते इंदिरानगर
शनिवारी गेलो होतो, साडेबाराला. आई आली. पातोडी तिखट लागली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ताट पुसून घेतलं तिनं. कळण्याची भाकरी दुसरी मागितली. खानावळीच्या ताईंनी रस्सा तीन वेळा वाढला, पैसे घेतले नाहीत. सातपूरकरांनी नोंद घ्यावी.

तरी माझं म्हणणं अजून तसंच आहे. हा पत्ता मला सिडकोच्या ताईंमुळे मिळाला. ज्याला अशी ताई भेटत नाही त्यानं काय करायचं?

सातपूरची तर्री
त्यानं इथे विचारायचं. तीन वेळा वाढला ना? मी काय म्हणत होतो!

गल्ल्यावर 22 वर्षं
खानावळीत थाळीचा दर वेगळा असतो, तर्रीभाऊ. पुन्हा सुरू करू नका.

दाराला कडी काल बसवली. माझ्याकडेही नव्हती.