किल्लारी, हापसा आणि म्यानमार: चर्चच्या मदतीचे तुमचे अनुभव सांगा

सातरस्ता
मार्च 2025 मध्ये म्यानमारला 7.7 चा भूकंप झाला, तेव्हा आमच्या चर्चने एका रविवारचं अर्पण तिकडे द्यायचं ठरवलं होतं. परवा महिला मंडळात त्याचा हिशोब वाचला. शेजारी बसलेल्या आत्याबाई कानाशी म्हणाल्या, "किल्लारीला आपल्याकडं पण असंच कुठनंतरी आलं होतं बघ." घरी येऊन कुकर लावला, पण मन तिथंच अडकलं. म्हणून हा धागा.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. विसर्जन करून लोक झोपले होते. सोलापुरात मांडणीवरची भांडी खणखणली आणि आख्खी गल्ली रस्त्यावर आली. उजाडल्यावर सिव्हिलकडे टेम्पो, ट्रक, एसट्या सुरू झाल्या त्या थांबेनातच. आमच्या चर्चचा हॉल जखमींच्या नातेवाइकांसाठी उघडला. पाळकबाईंनी आम्हा पोरींना घरोघरी पीठ गोळा करायला पिटाळलं. एक बाई हॉलच्या कोपऱ्यात बसायची, तिच्या हातात कुलपाची किल्ली होती. घर राहिलं नव्हतं, किल्ली राहिली होती.

मग 'कासा'ची माणसं आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 1947 मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चनी मिळून ही संस्था उभी केली. कॅथलिकांची कारितास वेगळी. अशा संस्थांच्या पाठीशी परदेशातल्या मंडळ्या असतात. जर्मनीतल्या चर्चची 'ब्रोट फ्युअर डी वेल्ट' 1959 ची. ब्रिटनची 'ख्रिश्चन एड' तर दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्याच निर्वासितांसाठी सुरू झाली. ज्यांची घरं पडली होती, त्यांनीच पुढे दुसऱ्यांच्या घरांसाठी हात पुढे केला.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या आठवड्यात सगळं जग येतं. पण दुसऱ्या पावसाळ्यात येऊन "गळतंय का?" विचारणारे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. तुम्ही मदत घेतली असेल, दिली असेल, वाटली असेल, हिशोब ठेवले असतील, सगळं लिहा. प्रश्न जरूर विचारा, भांडणं नकोत.

कडकभाकरी
तेव्हा किल्लारीला गेलेल्या भाकऱ्यांत आमच्या घरच्या पण होत्या ताई. आई आणि काकू रात्रभर थापत होत्या. मऊ भाकरी दुसऱ्या दिवशी खराब होते म्हणून कडक करायच्या, सोबत शेंगाचटणी. 2019 ला सांगली कोल्हापूरला पूर आला तेव्हा पण तेच पाठवलं. नंतर लिहिते, दूध उतू जातंय

उमरगेकर
माळवदाची घरं होती आमची. दगडाच्या हातभर जाड भिंती, मधे नुसती माती. वर लाकडावर मातीचा थर, आणि गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर अजून माती. उन्हाळ्यात गार लागायचं. त्या रात्री तेच वजन अंगावर आलं. आमच्या घरातले दोघं गेले. जास्त लिहीत नाही.

मदतीचं म्हणाल तर पहिले काही दिवस एवढं आलं की ठेवायला जागा नाही. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते, त्यात थंडीतले लांब कोट. आमच्या बायका ते घालणार कुठं? कुणी पाठवले त्यांचं नाव घेत नाही, भावना चांगलीच असणार.

52 गावं नव्या जागी बसवली. घरं पक्की मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरळ रेषेत, रुंद रस्ते, भावकी एकीकडं, शेत दुसरीकडं, जनावरं बांधायला जागा नाही. आमच्याकडं चर्चच्या संस्थेची एक बाई आणि दोन पोरं यायची. ती बाई पहिल्यांदा आली तर चहा पण न घेता आमच्या आईला विचारती, "म्हस कुठं बांधताय?" तोवर आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं. पुढं गोठे झाले, बायकांचा बचत गट झाला, आई त्यात सही करायला शिकली. ती बाई आमच्या बहिणीच्या लग्नाला पण आली होती.

कडकभाकरी
उमरगेकर दादा 🙏 काय लिहू कळेना.

टिळकचौक
एक प्रश्न आहे, राग मानू नका. खूप ठिकाणी ऐकतो म्हणून विचारतो. मदत देताना धर्म बदला असं कुणी सुचवलं का?

उमरगेकर
आम्हाला नाही. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता, तो ढिगाऱ्यातनं काढून त्याच बाईनं पुसून आईच्या हातात दिला. दुसऱ्यांचं मी सांगू शकत नाही.

सातरस्ता
टिळकचौक, प्रश्न रास्त आहे, विचारलात ते बरं झालं. 1994 मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. मदत गरज बघून द्यायची, जात-धर्म बघून नाही, आणि ती कुठलाही राजकीय किंवा धार्मिक विचार पुढे रेटायला वापरायची नाही, असं त्यात लिहिलंय. ती करणाऱ्यांत कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि जागतिक चर्च परिषदही होत्या. कुणी हे मोडत असेल तर ते चूकच, आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनीच ते आधी बोललं पाहिजे.

टिळकचौक
धन्यवाद ताई. हे माहीत नव्हतं.

पूर्वभाग
आमचे वडील यंत्रमागावर होते. 93 ला कारखान्यातनं चादरींचे गठ्ठे ट्रकवर चढवले, वडिलांनी स्वतः बांधलेले. सोलापूरचं नाव झालं की सगळे चादरच म्हणतात, पण त्या थंडीत त्या चादरी कुणाच्या अंगावर होत्या ते आम्हाला माहिताय.

सिद्धेश्वरतळं
थोडं विषय सोडून. परदेशात मदतीला जाणं म्हटलं की सोलापूरकराला डॉ. कोटणीस आठवणारच. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यात आपले द्वारकानाथ कोटणीस. बाकीचे परत आले, ते राहिले आणि 1942 मध्ये तिथंच गेले. चर्चचा संबंध नाही, पण राहून काम करणं म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं. भैय्या चौकातल्या घरात त्यांचं स्मारक आहे, मुलांना घेऊन जा.

जुनामिस्त्री
हापश्याचं कुणीच काढलं नाही अजून? मग मलाच लिहावं लागतंय. मोठं होईल.

72 चा दुष्काळ. आपल्या जिल्ह्यात विहिरी तळाला गेल्या. लोक खडी फोडायला, सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. खाली आपला काळा कातळ, हातानं किती खणणार. मिशनवाल्यांनी परदेशातल्या चर्चच्या पैशातनं बोअरच्या गाड्या आणल्या होत्या, हवेच्या दाबावर हातोडा आत जाऊन ठोकणाऱ्या. पाणी लागलं. पण वर पंप बसवायचे बिडाचे, तिकडच्या एका कुटुंबापुरते केलेले. आपल्याकडं त्यावर आख्खं गाव, पहाटेपासून रात्रीपर्यंत. पिना झिजायच्या, दांडा मोडायचा, आणि मग बोअरमध्ये पाणी असून गाव तहानलेलं.

जालन्याच्या मिशनमधल्या माणसांनी पोलादी डोकं आणि साखळीचा दांडा असलेला पंप केला. त्याच्यावर आपल्या सोलापुरात, चर्चशी जोडलेल्या वेल सर्व्हिसच्या वर्कशॉपमध्ये, एका स्वीडिश मेकॅनिकनं अजून सुधारणा केली. तो 'सोलापूर पंप'. युनिसेफनं तो उचलला, सरकारबरोबर बसून चाचण्या केल्या आणि त्यातनं 'इंडिया मार्क टू' आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगात असे पन्नासएक लाख पंप बसले होते.

मी आयुष्यभर हेच उघडलं. वरचं झाकण काढलं की आत साखळी दिसते, तिला ग्रीस लावायचं. दांडा भरीव आणि जड मुद्दाम ठेवलाय, खालच्या सळ्यांचं वजन तोलायला, म्हणून दहा वर्षांची पोरगी पण हापसू शकते. बेअरिंग बंद पेटीत, धूळ जात नाही. खाली सिलिंडरमध्ये चामड्याचे वॉशर. ते गेले की नुसतं हापसत बसा, पाणी वर येईपर्यंत हात भरून येतात.

एवढं सगळं दुष्काळाच्या मदतीतनं निघालं. धान्य त्या वर्षी खाऊन संपलं. पंप राहिला.

बार्शीची_लेक
काका 😮 माझा भाऊ युगांडात नोकरीला आहे. मागे त्याने एका गावातला फोटो टाकला होता, "आपला हापसा" म्हणून. आम्हाला वाटलं सारखा दिसत असेल. आत्ता त्याला तुमचं लिहिलेलं पाठवलं, तो म्हणतो तिकडे त्याला यू-टू म्हणतात आणि तो इंडिया मार्क टू वरूनच केलाय!!

कडकभाकरी
आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत हापशापुढं रांग. एकीनं हापसायचं, दुसरीनं ओंजळ धरायची. हे सोलापूरचं असं कुणी सांगितलंच नाही कधी

पूर्वभाग
लई भारी माहिती काका. हे पोरांच्या पुस्तकात पाहिजे.

नर्सबाई_मिरज
मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलला नर्सिंगचं ट्रेनिंग केलं आणि पुढे नेपाळला तानसेनच्या मिशन हॉस्पिटलमध्ये गेले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. युनायटेड मिशन टू नेपाळ ही अनेक देशांतल्या चर्चनी मिळून 1954 साली सुरू केलेली. एका वॉर्डात नॉर्वेचा डॉक्टर, जपानची सिस्टर आणि मी. नेपाळी कुणालाच धड येत नव्हतं, पेशंटच आम्हाला शिकवायचे. बाळंतिणीला 'डोको'त, म्हणजे डोक्यावरच्या पट्ट्याला अडकवलेल्या पाठीवरच्या टोपलीत, बसवून चालत आणायचे. किती तास चालले विचारलं तर हसायचे.

त्याच मिशनने बुटवलला मुलांना वायरिंग, वेल्डिंग शिकवलं आणि त्या मुलांनी छोटे जलविद्युत प्रकल्प उभे केले. मला ते फार आवडलं होतं. दवाखान्यात आम्ही आलेल्याला बरं करायचो, तिथं माणसं पायावर उभी राहत होती.

2015 ला 7.8 चा भूकंप झाला तेव्हा माझ्याबरोबर शिकलेल्या नेपाळी सिस्टर पुढे होत्या. मी इथून फोन करून रडत होते आणि त्या म्हणाल्या, दिदी, तुम्ही प्रार्थना करा, आम्हाला वाटा माहीत आहेत.

सातरस्ता
मावशी, अजून लिहा ना. वेगळा धागा काढा.

नर्सबाई_मिरज
डोळ्याचं ऑपरेशन आहे गं. झालं की बघते.

सातरस्ता
काळजी घ्या. रविवारी प्रार्थनेत नाव घेते.

आजीचाडबा
आमच्याकडे अजून एक पत्र्याचा डबा आहे, त्यावर हात मिळवलेलं चित्र. दुष्काळात अमेरिकेतून तेल आलं होतं त्याचा. मिशन कंपाउंडमध्ये वाटप व्हायचं. आजीने त्याला कडी लावून आधी बादली केली, मग पिठाला, आता आई त्यात गहू ठेवते. पणजी तर छप्पनच्या, म्हणजे विक्रम संवत 1956 च्या, दुष्काळाच्या गोष्टी सांगायची म्हणे. 1900 मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी वर्गणी काढून 'क्विटो' जहाजातून मुंबईला मका पाठवला होता. आमच्या मंडळीतली कितीतरी घरं त्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांची आहेत.

हिशोबनीस
मी एका छोट्या संस्थेचे हिशोब बघतो म्हणून कोरडं वाटलं तरी लिहितो. परदेशी देणगीचा कायदा 1976 पासून आहे, 2010 ला नवा झाला. 2020 च्या दुरुस्तीनंतर सगळी परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येते. कार्यालयीन खर्च 20 टक्क्यांच्या आत, पूर्वी 50 होता. आणि एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. हिशोब कडक हवेत हे मला मान्य आहे. पण पूर्वी मोठी संस्था पैसा आणायची आणि गावातली छोटी संस्था पाण्याचं, शाळेचं काम करायची, ती साखळी तुटली. आमच्याकडच्या दोन बालवाड्या त्यात बंद पडल्या. आता लोकवर्गणीतून एक सुरू केलीये. मंडळीतले निवृत्त शिक्षक फुकट शिकवतात.

टिळकचौक
लोकवर्गणी कशी देता येईल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हिशोबनीस
करतो. पावती मिळेल.

अक्कलकोटरोड
आमच्या हार्वेस्टला यावं सगळ्यांनी एकदा. लोक शेतातलं पहिलं पीक आणतात. ज्वारी, भोपळे, गावरान कोंबडी. उपासनेनंतर लिलाव. 2023 ला तुर्कस्तान-सीरियाचा भूकंप झाला त्या वर्षी एका आजीने एकच अंडं आणलं होतं. ज्याने बोली जिंकली त्याने पैसे भरले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं. पुन्हा बोली, पुन्हा परत. पोरं नाचत होती. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, आता फुटेल, आजीलाच द्या. त्या अंड्याचे पैसे भोपळ्यापेक्षा जास्त झाले.

कडकभाकरी
😂😂 पुढच्या हार्वेस्टला मी पण येणार, चटणी घेऊन. चालेल ना? आम्ही ख्रिस्ती नाही.

अक्कलकोटरोड
चालेल काय, चटणीवरच जास्त बोली लागेल!

सांगोलाफाटा
जुनामिस्त्री काका, आमच्या वस्तीशाळेतला हापसा बंद आहे. दांडा चालतो पण पाणी येत नाही. बोअरमध्ये पाणी आहे, दोरी सोडून बघितली. तुम्ही एकदा बघाल का?

जुनामिस्त्री
वरचं झाकण उघडून साखळीचा फोटो टाका. दांडा हलका लागत असेल तर सळी तुटली असंल, जड लागत असेल तर वॉशर. दोन्हीला पाइप वर घ्यावे लागतील. तिपाई आणि पाइपपाने मी आणतो, तुमच्याकडची चार धडधाकट पोरं तयार ठेवा.

सांगोलाफाटा
पोरं आहेत. रविवारी जमेल?

जुनामिस्त्री
रविवारी सकाळी उपासना असते. सोमवारी सातला निघतो.