‘असॉल्ट वेपन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेत नागरिकांनी लष्करी पद्धतीच्या बंदुका बाळगाव्यात की नाहीत, या वादाविषयी लिहिताना ‘असॉल्ट वेपन’साठी ‘लष्करी बनावटीची स्वयंचलित बंदूक’ हा प्रतिशब्द चालेल काय?

उत्तर : यातील ‘स्वयंचलित’ आणि ‘बनावटीची’ हे दोन्ही शब्द अडचणीचे आहेत.

चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा काडतुसे संपेपर्यंत जिच्यातून गोळ्या सुटत राहतात, ती स्वयंचलित. आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येत असले तरी दर गोळीला ज्या बंदुकीचा चाप नव्याने ओढावा लागतो, ती अर्धस्वयंचलित. अमेरिकी सैन्याची एम-१६ पहिल्या प्रकारात मोडते आणि दुकानात मिळणारी एआर-१५ दुसऱ्या. आपल्याकडील १९५९च्या शस्त्र कायद्यातही निषिद्ध शस्त्रांच्या व्याख्येची पहिली कसोटी हीच, चापावरील दाबाची आहे. अमेरिकेत नव्या स्वयंचलित बंदुका नागरिकांना मिळणे १९८६ सालीच बंद झाले. म्हणजे आजचा वाद अर्धस्वयंचलित बंदुकांचा आहे, आणि बातमीत ‘स्वयंचलित’ लिहिले की मुद्दाच चुकतो.

‘बनावट’ या शब्दाचा घोळ याहून जुना आहे. ‘भारतीय बनावटीचे पिस्तूल’ म्हटले की ते कोठे तयार झाले हे कळते, आणि नुसते ‘बनावट पिस्तूल’ म्हटले की ते खोटे ठरते. दुकानातील एआर-१५ ना लष्कराने बनवलेली असते, ना लष्करासाठी. लष्करी बंदुकीशी तिचे साम्य आहे ते रूपाचे आणि बऱ्याच अंशी आतील यंत्रणेचे. म्हणून मी ‘लष्करी धाटणीची’ असे लिहितो. वादाची निम्मी गाठ या ‘धाटणी’तच आहे. १९९४च्या संघीय कायद्याने काही बंदुकांवर नावानिशी बंदी घातली; शिवाय ज्या अर्धस्वयंचलित रायफलीचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढता येते आणि जिला पिस्तुलासारखी मूठ, दुमडता येणारा दस्ता, संगीन बसवण्याची सोय, ज्वाळा झाकणारे नळीचे टोक वगैरेंपैकी दोन गोष्टी आहेत, तीही बंदीत आली. कारखानदारांनी संगिनीची सोय आणि ते टोक काढून टाकले व जवळजवळ तीच रायफल पुन्हा विकायला ठेवली. कायदा मारकतेला नव्हे तर दिसण्याला बंदी करतो, हा विरोधकांचा आक्षेप त्यामुळे बिनतोड वाटतो. परंतु त्याच कायद्याने नव्या मॅगझिनवर १० काडतुसांची मर्यादाही घातली होती आणि तिचा धाटणीशी काहीच संबंध नव्हता, हे ते सहसा सांगत नाहीत. २००४ साली मुदत संपून दोन्ही बंधने गेली.

शंका : मग सरळ ‘असॉल्ट रायफल’ का लिहू नये? एआर-१५ मधील ‘एआर’ म्हणजे तेच ना?

उत्तर : नाही. ती अक्षरे ‘आर्मालाइट’ या मूळ कंपनीच्या नावावरून आली आहेत. ‘असॉल्ट रायफल’ ही लष्करी संज्ञा असून तिचा उगम दुसऱ्या महायुद्धातील एका जर्मन रायफलीच्या नावात आहे. एकेक गोळी की सलग मारा, हे ठरवणारी कळ त्या प्रकारच्या रायफलीला असते. ‘असॉल्ट वेपन’ ही मात्र कायद्याची संज्ञा आहे. कॅलिफोर्नियाने १९८९ साली केलेली तिची व्याख्या आणि १९९४ची संघीय व्याख्या एक नाहीत. बंदूक उद्योग त्याच वस्तूला ‘मॉडर्न स्पोर्टिंग रायफल’ म्हणतो, म्हणजे थेट क्रीडासाहित्यच. तेव्हा वर्णन करताना ‘लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित रायफल’ लिहावे, कायद्याविषयी बोलताना ‘असॉल्ट वेपन’ अवतरणात ठेवून कोणता कायदा ते सांगावे, आणि मथळ्यात जागा नसेल तर, बंदूक तीच असल्यास, नुसते ‘एआर-१५’ पुरते.

‘हल्लेखोर बंदूक’ हा प्रतिशब्दही अधूनमधून सुचवला जातो. मराठीत हल्लेखोर माणूस असतो. ‘हल्लेखोर बंदूक घेऊन पळाला’ या वाक्यात पळाले कोण, ते मग वाचकानेच ठरवायचे.