डिस्कमधलं पीआरपी: सुई नेमकी कुठे जाणार?

फिजिओ_कंबर: रुग्णाच्या एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) डिस्क काळी पडलीय, फिरमान ग्रेड ४ (झिजेच्या पाच पायऱ्यांतली चौथी). पायात कळ जात नाही. बसलं, वाकलं की कंबर धरते. सहा महिने व्यायाम नीट झालाय. सल्ल्याच्या कागदावर फक्त ‘स्पाइन पीआरपी’ (रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेट-भरला प्लाझ्मा मणक्यात टोचणं) लिहिलंय. काय विचारून घ्यावं?

मणका: पहिलं हेच, की सुई डिस्कमध्ये जाणार, फॅसेट सांध्यात (मणक्यांमागचे छोटे सांधे) की एपिड्युरल जागेत (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर)? तिन्हींना सर्रास एकच नाव देतात, धोका मात्र वेगवेगळा. डिस्कमध्ये असेल तर सी-आर्म (चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) हवाच. टोक मधोमध आल्याचं समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून दिसलं पाहिजे. साधारण एक-दोन मिली मावतं, दाब वाढला की थांबायचं. बुपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) आत सोडू नये, ते डिस्कच्या पेशींना मारक आहे.

फायद्याचं म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीच्या २०१६च्या चाचणीत ४७ जण होते. आठ आठवड्यांनी काही मोजमापांत पीआरपीवाले पुढे होते. २०२२च्या एका छोट्या चाचणीत फरक दिसला नाही. डिस्क पुन्हा भरून येईल ही आशा रुग्णाला अजिबात लावू नका.

आणि नुसतं टोचणंही निरुपद्रवी नाही. डिस्कोग्राफी (तपासणीसाठी डिस्कमध्ये सुईने रंगद्रव्य सोडणं) केलेल्या डिस्क दहा वर्षांनी जास्त झिजलेल्या आढळल्या, हे २००९मध्येच छापून आलंय. ‘बघू तरी’ म्हणून तीन-तीन डिस्कमध्ये टोचणं मला पटत नाही.

रक्तपेढी: रक्त कशात घेतात तेही विचारा. रक्त गोठू नये म्हणून नळीत सायट्रेट हवं, त्याऐवजी ईडीटीए असेल तर प्लेटलेट फुगतात. सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्त गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र) पहिली फिरकी हलकी, कारण ती जोरात झाली तर प्लेटलेट लाल पेशींबरोबर तळाला बसतात आणि वर नुसता पिवळा प्लाझ्मा उरतो. दुसरी जोरात, मग वरचा बराचसा प्लाझ्मा काढून तळाचा थर हलक्या हाताने मिसळायचा. जोरात हलवलं तर प्लेटलेट सिरिंजमध्येच फुटतात. सुरुवातीचा आणि तयार पीआरपीचा, दोन्ही प्लेटलेट काउंट लेखी मागा. मूळ दोन लाख असेल तर तयार मालात आठ-दहा लाख दिसायला हवेत.

मणका: एक राहिलं, डिस्कायटिस, म्हणजे डिस्कमधला जंतुसंसर्ग. डिस्कला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नाही, त्यामुळे जंतू आत गेला तर अँटिबायोटिकही तिथे नीट पोचत नाही. सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढतं, ते चालेल. पण उतरलेलं दुखणं एक ते चार आठवड्यांत पुन्हा उसळलं, रात्री कूस बदलवेना, तर ताप नसला तरी लगेच सीआरपी, ईएसआर (सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि कॉन्ट्रास्ट एमआरआय. रुग्ण स्थिर असेल तर कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नका, नाहीतर जंतू सापडत नाही.