मदत हवी आहे : ‘चार्ज’ हे इंग्रजी नाम कोणत्या शब्दांशी जोडून वापरावे?

नमस्कार.

मी कोल्हापुरात, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत पत्रव्यवहार पाहतो. परदेशी ग्राहकांना जाणारी इंग्रजी पत्रे गेल्या वर्षापासून माझ्याकडे आली आहेत आणि त्यांतील ‘चार्ज’ या एका शब्दाने मला इतके छळले आहे की शेवटी जाणकारांना विचारावे असे ठरवले.

आमच्याकडे हा शब्द दिवसभर कानावर पडतो. भट्टीत टाकायचे भंगार, पिग आयर्न आणि आधीच्या ओतकामातून उरलेले तुकडे या सगळ्यांना मिळून चार्ज म्हणतात, पाळी बदलताना एक सुपरवायझर दुसऱ्याकडे चार्ज देतो, मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो आणि चहाच्या वेळी वर्तमानपत्रात कुठल्या तरी लाठीचार्जची बातमी असते. मराठी बोलताना यात कोणाचा गोंधळ होत नाही, कारण चार्ज टाकला, दिला, लावला की केला, यावरूनच अर्थ उमगतो. गोंधळ सुरू होतो तो इंग्रजीत लिहायला बसल्यावर.

मध्यंतरी पॅकिंगचे पैसे वेगळे पडतील हे कळवताना मी ‘अ चार्ज अगेन्स्ट यू फॉर पॅकिंग’ असे लिहिले. ग्राहकाने थट्टेने विचारले, की पॅकिंग करून घेणे हा तुमच्याकडे गुन्हा आहे काय? दुसऱ्या एका पत्रात भट्टी कोण सांभाळतो हे सांगताना मी ‘इन चार्ज ऑफ’ऐवजी ‘इन द चार्ज ऑफ’ लिहून बसलो. त्याचा अर्थ सुपरवायझर भट्टीच्या ताब्यात आहे असा होतो, हे नंतर कळले. (उन्हाळ्यात ते अगदीच खोटे नसते, हा भाग वेगळा.)

शब्दकोश चाळल्यावर या शब्दाचे मूळ गाडीसाठीच्या लॅटिन शब्दापर्यंत जाते आणि त्यातून ‘लादणे’ हा अर्थ आला, असे दिसले. जहाजावरच्या मालाला म्हणतात तो ‘कार्गो’ही याच कुळातला. मला हे वाचून बरे वाटले, कारण आपल्याकडे ‘भार’ शब्दाने जवळजवळ तेच केले आहे: पदभार, कार्यभार, विद्युतभार, अधिभार. पैशांच्या बाबतीत मात्र आपण वाट बदलली आणि वीजबिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ असे शब्द आले.

माझी समजूत अशी झाली आहे, की जबाबदारी किंवा स्थिती सांगताना ‘टेक चार्ज’, ‘इन चार्ज’, ‘फ्री ऑफ चार्ज’ असे उपपदाशिवाय आणि एकवचनीच लिहावे, तर रक्कम किंवा आरोप मोजता येत असल्यामुळे तेथे ‘अ चार्ज’ किंवा ‘चार्जेस’ चालावे. हे बरोबर आहे का? आणि मागे येणारे ‘विथ’, ‘फॉर’, ‘अगेन्स्ट’ कसे ओळखावेत? शिवाय ‘हँडेड ओव्हर चार्ज’ हे आपले कचेरीतले इंग्रजी तिकडच्या माणसाला कळेल का?

प्रतिसाद :

आपली समजूत बहुतांशी बरोबर आहे. अपवाद आपणच नोंदवला आहे: ‘द’ आला की सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. ज्याला सांभाळायचे त्यालाही इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणतात, म्हणजे दाईच्या हाताखालची मुले हे तिचे ‘चार्जेस’.

‘विथ’साठी आपली भट्टीच उपयोगी पडेल. भट्टी भंगाराने भरतात तेव्हा ‘चार्ज द फर्नेस विथ स्क्रॅप’ म्हणतात आणि माणसावर चोरीचा आरोप ठेवतात तेव्हा ‘चार्ज अ मॅन विथ थेफ्ट’. दोन्हीकडे काहीतरी लादलेच जाते. आरोपाच्या नामापुढे माणूस आला तर ‘अगेन्स्ट’ आणि गुन्हा आला तर ‘ऑफ’ येते. पैसे मात्र ज्या वस्तूचे किंवा सेवेचे, तिच्याआधी ‘फॉर’ लावावे, म्हणून पॅकिंगसाठी ‘देअर इज अ सेपरेट चार्ज फॉर पॅकिंग’ एवढे लिहिले असते तरी पुरले असते. ‘अगेन्स्ट यू’मुळे सगळा घोळ झाला.

‘हँडेड ओव्हर चार्ज’चा अर्थ लागेल, पण ते सरकारी कचेरीच्या थाटाचे वाटेल. ‘चार्ज’ गाळून ‘ही हँडेड ओव्हर टू द नाइट सुपरवायझर’ असे लिहावे. ‘लाठीचार्ज’ मात्र परदेशी पत्रात लिहूच नये. तो आपल्या देशी इंग्रजीचा शब्द आहे आणि लाठी म्हणजे काय, येथपासून समजवावे लागेल.

मूळ प्रश्नकर्ता :

मनापासून आभार. भट्टीचा ‘विथ’ आता विसरणार नाही. आणखी एक शंका आहे: दुरुस्त केलेला भाग फुकट पाठवताना ‘विदाउट चार्ज’ आणि ‘फ्री ऑफ चार्ज’ यांपैकी पावतीवर कोणते लिहावे?

प्रतिसाद :

दोन्ही बरोबर आहेत, पावतीवर ‘फ्री ऑफ चार्ज’ अधिक रूढ आहे. फक्त ‘चार्जेस’ असे अनेकवचन करू नका.